नऊ गुण कमी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सोबत त्याचे वडील, आणि वडिलांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सहा गुणपत्रिका. मुलगा आमच्या शाळेत उर्दू माध्यमातून दहावी झाला. मी त्याला तीन वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे मुख्यतः ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यातला फरक शिकवला असं म्हणा. पुढे त्याने मुंबई विद्यापीठातून बीकॉम केलं. मध्ये दोनदा एटीकेटी लागली, ती सुटली, आणि यंदा त्याने तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी दिली. सीईटीत गुण चांगले पडले. आमच्या मोहल्ल्यातून वकील होऊ पाहणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मला खरंच आनंद झाला. चहा टाकला.

“टीचर, छोटंसं काम आहे,” तो म्हणाला. “प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पदवीची टक्केवारी भरायची आहे. तुम्ही एकदा बघून द्या.”

काम छोटं नव्हतं. स्टेशनजवळच्या एका सायबरवाल्याने त्याला आकडा आधीच काढून दिला होता. शेवटच्या गुणपत्रिकेवर सीजीपीआय होता ४.७५. सायबरवाला म्हणाला, “साढे नौ से गुणा करने का, सब वही करते हैं.” साडेनऊने गुणलं की ४५.१३ येतात. कायद्याच्या प्रवेशासाठी खुल्या वर्गाला पदवीला किमान ४५ टक्के लागतात. म्हणजे पोरगा रेषेच्या अलीकडे, केसाएवढ्या अंतराने का होईना, सुखरूप पोचला होता. त्याच्या मित्राने तर दहाने गुणायला सांगितलं होतं, म्हणजे ४७.५. मित्र उदार असतात.

मी सहाही गुणपत्रिका समोर मांडल्या आणि जुन्या पद्धतीने, कागदावर, प्रत्येक विषयाचे गुण एकाखाली एक लिहून बेरीज केली. सहा सत्रं, चाळीस पेपर, चार हजारपैकी १७९१. टक्केवारी ४४.७८. पंचेचाळीस टक्क्यांना १८०० लागतात. नऊ गुण कमी.

मी दोनदा बेरीज केली. तिसऱ्यांदा मुलाने मोबाइलवर केली. वडील गप्प बसून होते. चहा निवला.

हा लेख त्या नऊ गुणांबद्दल आहे. दरवर्षी जून-जुलै आला की आपल्या घराघरांत, सायबर कॅफेत, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर या गोष्टी हलक्या आवाजात बोलल्या जातात. मोठ्या आवाजात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

आधी हा साडेनऊचा आकडा आला कुठून ते पाहू. तो सीबीएसईचा. दहावीला ग्रेड पद्धत होती तेव्हा सीबीएसईने सीजीपीएला ९.५ ने गुणून अंदाजे टक्केवारी काढायला सांगितलं होतं. ते त्यांच्या परीक्षेसाठी, त्यांच्या ग्रेडसाठी. आपल्या बीकॉमशी त्याचा काहीही संबंध नाही. पण आकडा सोपा, म्हणून तो देशभर फिरला आणि प्रत्येक फॉर्ममध्ये घुसला. तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, आपल्या अभ्यासक्रमांसाठी वेगळा तक्ता दिला होता. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६० टक्के, असं. सूत्र काढलं तर सीजीपीएतून पाऊण वजा करा आणि दहाने गुणा. त्या हिशेबाने आमच्या मुलाचे ४.७५ म्हणजे बरोबर ४०. एकाच कागदावरचा एकच आकडा, आणि गुणाकार करणारा कोण यावरून तो ४० होतो, ४५.१३ होतो, ४७.५ होतो.

यातला कुठलाच त्याचा खरा आकडा नाही. कारण मुंबई विद्यापीठाच्या दहा गुणांकांच्या पद्धतीत गुणांक म्हणजे टक्क्यांचा दहावा भाग नसतो, तो एक कप्पा असतो. ४० ते ४५ च्या आतल्याला ४, ४५ ते ५० च्या आतल्याला ५, मग ६, ५५ ला ७, ६० ला ८, ७० ला ९ आणि ८० किंवा वर असेल तर १०. आता बघा. ज्या मुलीला प्रत्येक विषयात ६२ गुण आहेत तिचा सीजीपीआय येतो ८. तिने दहाने गुणलं तर तिची टक्केवारी होते ८०! अठरा टक्के फुकट. उलट बाजूने, प्रत्येक विषयात ४५ घेणारा आणि प्रत्येक विषयात ४९ घेणारा, दोघांचाही सीजीपीआय ५. कप्प्यातून मूळ गुण परत काढता येत नाहीत. पिशवीवर ‘पाच ते दहा किलो’ लिहिलं असेल तर आत नेमकं किती आहे हे लेबल वाचून कसं कळणार? पिशवी उघडून वजन करावं लागतं. आणि इथे वजन उपलब्ध आहे. त्याच्या सहाही गुणपत्रिकांवर प्रत्येक विषयाचे गुण छापलेले होते.

मग पोरं गुणपत्रिका सोडून गुणाकाराकडे का धावतात? एक कारण अगदी साधं आहे. त्या सहा कागदांवर कुठेही एका ओळीत ‘एकूण इतक्यापैकी इतके, टक्केवारी इतकी’ असं लिहिलेलं नव्हतं. विद्यापीठ ग्रेड देतं आणि प्रवेशाचा फॉर्म टक्के मागतो. या दोघांच्या मधे जी दरी आहे ती बुजवण्याचं काम आपण एकवीस वर्षांच्या पोरावर आणि फॉर्ममागे शंभर-दोनशे रुपये घेणाऱ्या सायबरवाल्यावर सोडलं आहे. जो आकडा मुलाचं आयुष्य ठरवतो तो ज्याच्याकडे हिशेब आहे त्यानेच छापून द्यावा, ही मागणी काही फार मोठी नाही. शेवटच्या गुणपत्रिकेवर एक ओळ वाढेल. विद्यार्थी संघटनांनी फी आणि निकालाच्या उशिरासोबत ही मागणीही करायला हवी. ही ओळ नसते म्हणून भरडली जाणारी मुलं ३५ ते ५० टक्क्यांच्या पट्ट्यातलीच असतात. पंच्याहत्तरवाल्याला काय फरक पडतो, तो कशानेही गुणो.

पण विद्यापीठाचा दोष सांगून मी मोकळी होऊ शकत नाही. त्या रविवारी ४४.७८ हा आकडा कागदावर आल्यानंतर तो गोंधळाचा प्रश्न उरला नव्हता. आता आम्हा तिघांनाही माहीत होतं.

“टीचर, पॉइंट बावीसच कमी आहे,” मुलगा म्हणाला. “राउंड केलं तर पंचेचाळीसच होतात ना?”

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं प्रकरण होतं. नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाला ५५ टक्के हवे होते आणि विद्यार्थिनीला ५४.७१ होते. २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पात्रतेची किमान अट नियमात ठरलेली असेल आणि नियमात पूर्णांक करण्याची सोय नसेल, तर न्यायालयही ते ५५ करून देऊ शकत नाही. आपल्याकडे पंचेचाळीसची अट बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांतून येते आणि ती ‘पंचेचाळीसपेक्षा कमी नाही’ अशा शब्दांत आहे. ४४.७८ हे पंचेचाळीसपेक्षा कमी आहेत. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने असं पाहिलं की जणू ती अट मीच घातली.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं की लिहू दे साडेनऊचा गुणाकार. कोण बघतं? हजारो अर्ज. तपासणारा माणूस सीजीपीआय बघेल, गुणाकार बघेल, टिक करेल. आणि समोर बसलेला मुलगा चोर नाही. त्याने वडिलांच्या दुकानात काम करत, रात्री पुस्तकं उघडत पदवी घेतली. पहाटेच्या विरार लोकलमध्ये एका पायावर उभं राहून वाचणारा मुलगा. ज्याच्याकडे शिकवणीचे पैसे होते त्याला हे नऊ गुण सहज मिळाले असते. व्यवस्थेने त्याला आधीच कमी मोजलं, मग त्याने जरा जास्त मोजलं तर बिघडलं कुठे?

हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, चांगल्या, नमाजी, शिकलेल्या माणसांच्या तोंडून. त्याला हसण्यावारी नेता येत नाही. आपल्या मुलांना घर भाड्याने घेताना नाव सांगताच नकार मिळतो, मुलाखतीत आडनावावर नजर अडकते. अशा मुलाला ‘नियम म्हणजे नियम’ सांगणं पगारदार शिक्षिकेला सोपं आहे. पण मला या युक्तिवादात एक भोक दिसतं. तो व्यवस्थेविरुद्ध आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो कुणाविरुद्ध वापरला जातो? केंद्रीय प्रवेश फेरीत जागा मोजक्या असतात. ज्याने साडेनऊने गुणलं त्याने जी जागा घेतली, ती ज्याने गुणलं नाही त्याची होती. तो दुसरा मुलगा कुठल्या बंगल्यात राहत नसतो. तोही बहुधा नालासोपाऱ्याच्या चाळीतला किंवा पालघरच्या आदिवासी पाड्यावरचाच असतो, आणि त्याचेही गुण चव्वेचाळीस-पंचेचाळीसच असतात. वर बसलेल्याचं यात काहीच जात नाही.

दुसरी गोष्ट, ‘कोण बघतं’ हे वकिलीत लागू पडत नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम २६ मध्ये तरतूद आहे की महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने सनद मिळवली असं बार काउन्सिल ऑफ इंडियाची खात्री झाली, तर बाजू ऐकून घेऊन नाव यादीतून काढता येतं. किती वर्षांच्या आत, अशी मर्यादा त्यात नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन कायदामंत्र्यांना बनावट पदवीच्या आरोपात अटक झाली आणि पद सोडावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षी बार काउन्सिलने वकिलांच्या पडताळणीचे नियम आणले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या वकिलांच्या पदव्या तपासण्यासाठी समिती नेमली. म्हणजे जुन्या गुणपत्रिका पुन्हा उघडल्या जात आहेत. आज भरलेला रकाना पंधरा वर्षांनी कुणीतरी वाचेल, आणि तो वाचणारा बहुधा तुमच्या विरुद्ध केस हरलेला असेल. आपल्या नावाचा वकील चुकला की बातमी कशी छापली जाते हेही सांगायला नको.

जिथे पदवीची सरासरी हेच प्रवेशाचं मोठं माप आहे तिथे हा प्रश्न कसा सोडवतात म्हणून मी अमेरिकेबद्दल थोडं वाचलं. तिथल्या विधी महाविद्यालयांसाठी अर्ज करणाऱ्याने आपली सरासरी आपण काढायचीच नसते. तो जिथे जिथे शिकला त्या प्रत्येक महाविद्यालयाने गुणपत्रक थेट एलएसएसी नावाच्या संस्थेकडे पाठवायचं आणि ती संस्था सगळ्यांना एकच मोजपट्टी लावून सरासरी काढते. आपल्यासारख्या परदेशी पदवीचं तर ती आकड्यात रूपांतरही करत नाही, ‘सरासरीपेक्षा वर’, ‘सरासरी’ अशा शब्दांत शेरा देते. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. ज्याचा फायदा आहे त्याच्या हातात तराजू द्यायचाच नाही. अर्थात तिथेही माणसंच आहेत. इलिनॉय विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने क्रमवारीत वर दिसण्यासाठी आपल्याच विद्यार्थ्यांच्या सरासऱ्या आणि प्रवेश परीक्षेचे गुण फुगवून जाहीर केल्याचं २०११ मध्ये उघडकीला आलं. पुढच्या वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने त्यांना जाहीर ताशेरे आणि अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. मुलांनी नव्हे, कॉलेजने खोटं लिहिलं.

आणि हे वाचताना मला माझीच शाळा आठवली. त्याबद्दल बोलणं भाग आहे.

दहावीच्या भाषांना आपल्याकडे ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. ते वीस गुण कसे दिले जातात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. मुलगा तोंडी परीक्षेला आला, नाव सांगितलं, अठरा. कविता अर्धी म्हणाला, एकोणीस. मीही दिलेले आहेत. माझ्यासमोर नुकत्याच आलेल्या याच मुलालाही मी मराठीत एकोणीस दिले होते, आणि त्याची तोंडी परीक्षा मला आठवत नाही. मुख्याध्यापकांचा निरोप असायचा, ‘निकाल बघा.’ मग २०१९ च्या परीक्षेला मंडळाने भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. करोनाच्या वर्षी, २०२१ ला, परीक्षाच झाली नाही आणि शाळांनी दिलेल्या गुणांवर ९९.९५ टक्के मुलं पास झाली. नुसत्या अंतर्गत गुणांमुळेच हे सगळं झालं असं मी म्हणत नाही, २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता. पण मुलं हे आकडे बघत मोठी झाली. गुण ही मोजायची गोष्ट नसून मोठ्या माणसांनी जमवून द्यायची गोष्ट आहे, हा धडा त्यांना आम्हीच दिला. पंधराव्या वर्षी मी त्याला न मागता पाच-सहा गुण दिले, आणि एकविसाव्या वर्षी तो नऊ मागायला आला तर मी तत्त्वाची गोष्ट सांगते. त्याला ते विचित्र वाटलं असेल तर तो चुकला नाही.

एक बारीकशी गोष्ट, विषयाला धरूनच. आपल्याकडे गुणांइतकाच घोळ नावांचा असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, बीकॉमच्या गुणपत्रिकेवर ‘मोहम्मद’मधला एक ‘म’ गायब. अर्ज तपासताना अडकतात ते यावर, आणि मग घाईत मुलं गुणांच्या रकान्याकडे नीट बघत नाहीत. नावाची दुरुस्ती अकरावीतच उरकून घ्या. राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते, पण प्रवेशाच्या आठवड्यात नको.

पुन्हा त्या रविवारकडे येते. मुलगा अजून वाद घालत होता, तेव्हा इतका वेळ गप्प असलेले वडील बोलले. मला म्हणाले, “मॅडम, मी गादीत पाच किलो कापूस सांगतो तर पाच किलोच भरतो. शिवून झाल्यावर गिऱ्हाईक काही उसवून बघत नाही.” मग मुलाकडे वळून दक्खनीत दोनच वाक्यं बोलले, ती इथे लिहीत नाही. मुलगा गप्प झाला.

मला त्यावरून जुम्म्याचं बयान आठवलं. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात अख्खी सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. आमच्या मशिदीत दरवर्षी तिच्यावर बोललं जातं आणि सगळे माना डोलावतात, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाणी, भाजीवाला नाहीतर पेट्रोल पंप असतो. फॉर्म भरून देणारा सायबरवाला आणि तोंडी परीक्षेच्या रजिस्टरवर बसलेली शिक्षिका कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाहीत. माझ्याही आल्या नव्हत्या.

पण वडिलांच्या त्या वाक्यातून वेगळीच गोष्ट निघाली. मी विचारलं, “कापसाचं काम तुमच्याकडे किती पिढ्यांचं?” ते म्हणाले, मूळ बार्शीचे, आजोबा-पणजोबा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे. म्हणजे पिंजारी. महाराष्ट्रात पिंजारी, नदाफ, मन्सुरी हे इतर मागासवर्गात येतात. आणि ओबीसींसाठी कायद्याच्या प्रवेशाची किमान अट ४५ नाही, ४२ आहे. ज्या मुलाला खोटं लिहून ४५.१३ करायचे होते तो खरं लिहून ४४.७८ ला पात्र ठरू शकत होता. तीन वर्षं मी त्याला शिकवलं, पण शाळेत कधी कुणी विचारलं नाही. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ लिहिलं आहे, बस्स.

हे फक्त त्याचं नाही. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस त्यांच्यासोबत सभांना गेला, आणि बागवान, पिंजारी, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्यांना सवलतींची वाट मोकळी झाली. ही लढाई जिंकून तीसेक वर्षं होत आली, आणि अजून आपल्या निम्म्या घरांत जातीचं प्रमाणपत्र नाही. काहींना वाटतं इस्लाममध्ये जात नाही, मग प्रमाणपत्र कशाला. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण हेच गृहस्थ मुलाच्या फॉर्मवर साडेनऊचा गुणाकार खपवून घेतात तेव्हा मला राग येतो. सरकारने लेखी दिलेली सवलत घ्यायला संकोच, आणि सायबरवाल्याने तोंडी दिलेली सवलत बिनदिक्कत.

प्रमाणपत्र मिळवणं सोपं नाही हे मी जाणते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो. विरारमध्ये तीस वर्षं काढली तरी कागद बार्शीलाच शोधायचा. तो सापडला तर त्यावर ‘पिंजारी’ हवं, आणि जुन्या शाळांनी आपल्या लोकांपुढे सर्रास नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलं आहे. मग महसुली नोंदी, नातेवाइकांची प्रमाणपत्रं, गृहचौकशी. त्यापुढे नॉन क्रीमी लेअर आणि जात पडताळणी. यंदाच्या फेरीत हे सगळं होईलच असं नाही. झालं नाही तर खरं लिहिण्याची किंमत म्हणजे पूर्ण एक वर्ष, आणि ते वर्ष त्याचं जाईल, माझं नाही. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. आकडा खरा लिहिला की सगळं आपोआप नीट होतं अशी गोष्ट सांगून मुलांना फसवण्यात काय अर्थ आहे.

तो म्हणाला, “टीचर, चव्वेचाळीसवाला वकील चांगला होतो का पण?”

चर्चगेटच्या सरकारी विधी महाविद्यालयाचं नाव त्याच्या पसंतीच्या यादीत पहिलं होतं, म्हणून त्याला तिथलंच उदाहरण दिलं. १९३५ मध्ये तिथे प्राचार्य म्हणून बाबासाहेब आंबेडकर आले, त्यांच्यानंतर काही वर्षं ते पद आसफ अली असगर फैजी यांच्याकडे होतं, ज्यांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकाचा आधार अजून न्यायालयात घेतला जातो. आणि बाबासाहेबांचे मॅट्रिकचे गुण त्यांच्या चरित्रात छापलेले आहेत, ७५० पैकी २८२. टक्केवारी त्यालाच काढायला लावली. ३७.६ आली. तो हसला, त्या सकाळी पहिल्यांदाच. वडिलांनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, “अब्बा, बाबासाहेबांना माझ्यापेक्षा कमी होते.” मी म्हटलं, फार उडू नकोस, पुढचं सगळं बघ.

मग आम्ही फॉर्म उघडला. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचली, कारण ती दरवर्षी बदलते आणि सायबरवाला मागच्या वर्षीचीच सांगत असतो. मिळालेले गुण १७९१. एकूण ४०००. टक्केवारीचा रकाना भरताना त्याचं बोट जरा थांबलं. ४४.७८ लिहिलं. एटीकेटीच्या दोन्ही विषयांत जुन्या गुणपत्रिकेतले नापासाचे नव्हे आणि दोन्हींतले बरे दिसतील तेही नव्हे, तर उत्तीर्ण झाल्याच्या गुणपत्रिकेतले गुण धरले आहेत हे पुन्हा एकदा ताडून पाहिलं. प्रवर्गाच्या रकान्याशी आलो तेव्हा सेव्ह करून बंद केला. तो रकाना बार्शीच्या कागदावर अवलंबून आहे.

आजोबा बार्शीला ज्या शाळेत दोन-तीन इयत्ता शिकले ती शाळा अजून आहे, असं चुलत्याने फोनवर सांगितलं. दाखल-खारिज रजिस्टर जुनं आहे, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत म्हणे. वडील दुकान बंद ठेवून मंगळवारी निघाले. मुलगाही सोबत गेला आहे. रजिस्टर कदाचित मोडीत असेल, म्हणून मी त्याला जाताना मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या निवृत्त शिक्षकांचा नंबर दिला. अजून फोन आलेला नाही.